डोकं हलू न देणारी दुर्बीण

कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून आमच्या कोल्हापूर भागात मुलांना रेंजवर घेऊन येणाऱ्या पालकांचे प्रश्न बदलले आहेत. पूर्वी ‘यात पुढं काय?’ असं विचारायचे, आता सामानाची यादी मागतात. रायफल सुरुवातीला क्लबची मिळते. जाकीट, ट्राउझर, बूट, ग्लोव्ह, स्लिंग यांची मापं घेतली जातात. यादीच्या शेवटी असते दुर्बीण, आणि तिच्याबद्दल बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो : ‘मॅडम, साठ पटीची मिळतीय की. घेऊन टाकू?’

याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून आधी स्वतः प्रोनमध्ये, म्हणजे आडवं पडून मारताना, आणि पुढे मुलांना शिकवताना जे कळत गेलं, ते इथे लिहून ठेवते आहे.

आधी एक खुलासा. या प्रकाराच्या आंतरराष्ट्रीय नियमांत रायफलवर दुर्बीण बसवायला परवानगी नाही. मागच्या साइटचं बारीक छिद्र, पुढच्या साइटची, म्हणजे फोरसाइटची रिंग आणि त्या रिंगेत धरलेला टार्गेटचा काळा गोल, एवढ्यावरच नेम धरायचा. दुर्बीण चालते ती रायफलपासून वेगळी, शेजारी स्टँडवर लावलेली. गोळी कुठे लागली ते पाहायचं आणि वारा ओळखायचा, ही तिची दोन कामं. रेंजवर सगळे तिला नुसतं ‘स्कोप’ म्हणतात. मोठ्या स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतं, शॉट मॉनिटरवर उमटतो. पण आमच्याकडची मुलं घडतात ती कागदी टार्गेटवर, आणि तिथे ५० मीटरवरचं भोक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

१. आधी पोझिशन बघा, दुर्बीण नंतर.

प्रोनमध्ये डावं कोपर मॅटवर रोवलेलं असतं, स्लिंग दंडाला ताणून धरते, रायफलचा भार स्नायूंवर न येता हाडांवर येतो आणि गाल चीकपीसवर टेकतो. ही बैठक जमायला बराच वेळ लागतो आणि मोडायला क्षणही पुरतो.

मागच्या हिवाळ्यात एका मुलीच्या लेनमागे बसले होते. वय पंधरा-सोळा, पोझिशन देखणी, ट्रिगरवर हात हलका. तिची दुर्बीण सरळ नळीची, साध्या तिपाईवर, डाव्या हाताला थोडी मागे लावलेली. शॉट गेला की ती गाल उचलायची, मान डावीकडे वळवायची, खांदा जरासा उचलून आयपीसला डोळा लावायची. दर वेळी बटप्लेट खांद्यातून थोडी निसटायची, कोपर मॅटवर किंचित सरकायचं, आणि परत येताना गाल आधीच्या जागेच्या वर नाहीतर खाली बसायचा. तिला यातलं काही जाणवत नव्हतं. कार्डावर मात्र सगळं उमटलेलं होतं. शॉट उभ्या पट्ट्यात पसरलेले, वर नऊ, खाली नऊ, मध्येच एखादा आठ. ‘मॅडम, या लॉटच्या गोळ्याच बरोबर नाहीत,’ ती म्हणाली.

गोळ्या त्याच ठेवल्या. माझी वाकड्या आयपीसची दुर्बीण तिच्या डाव्या हाताबाहेर, चेहऱ्याच्या इतक्या जवळ लावली की गाल न उचलता, नजर जरा खाली टाकून डाव्या डोळ्याने आत बघता यावं. पुढच्या कार्डावर तो उभा पसारा राहिला नाही. आडवा थोडा होता. तो वाऱ्याचा.

दुर्बीण डोळ्यापाशी आली पाहिजे. डोळा दुर्बिणीपाशी गेला की पोझिशन गेली. पुढचे सगळे मुद्दे याच एका गोष्टीतून निघतात. म्हणून पालकांना माझा आग्रह असतो की दुकानात जाण्याआधी मुलाला रेंजवर पूर्ण पोशाखात आडवं पडू द्या आणि त्याचा डोळा जमिनीपासून किती उंचीवर, डाव्या कोपरापासून किती अंतरावर येतो ते टेपने मोजा. दुर्बीण त्या जागी बसली पाहिजे.

२. आयपीस ४५ अंशांत वाकलेलं घ्या.

सरळ नळी डोळ्याच्या उंचीवर आणायची, तर ती डाव्या हाताच्या आणि स्लिंगच्या वाटेत येते. बाजूला सारली तर मान वळवावी लागते. वाकड्या आयपीसच्या दुर्बिणीचं धड खाली राहतं आणि आयपीस वर, नेमबाजाकडे येतं. त्यातही नळीभोवती फिरणारी कॉलर हवी. कॉलर सैल करून नळी जागेवर फिरवली की आयपीस हवं तसं डावीकडे-उजवीकडे कलतं. प्रोनमध्ये ते आपल्याकडे कललेलं लागतं, उभं राहून मारताना जवळजवळ सरळ वर. डावखुऱ्या नेमबाजाची सगळी मांडणी उलट, त्याला तर कॉलरशिवाय भागत नाही.

मागे खुर्चीवर बसून बघणाऱ्या प्रशिक्षकाला मात्र सरळ नळी बरी, रोखायला सोपी. नेमबाजाची आणि प्रशिक्षकाची दुर्बीण एकच असावी असा हट्ट धरू नये.

मागवताना मॉडेलचा आकडा नीट वाचा. कोवा या जपानी कंपनीच्या ५० मिलिमीटरच्या छोट्या जोडीत टीएसएन-५०१ ही वाकड्या आयपीसची आणि ५०२ ही सरळ. फोटोत दोन्ही सारख्याच वाटतात, खोक्यातून निघाल्यावर फरक कळतो.

३. पट वीस ते पंचवीस. साठ नको.

हा मुद्दा पालकांना पटवायला सगळ्यात जड जातो, म्हणून हिशेबच मांडते. .२२ च्या गोळीचा व्यास ५.६ मिलिमीटर. ५० मीटरवर तेवढ्या भोकाचा डोळ्याशी होणारा कोन एका कलेच्या चार दशांशापेक्षाही कमी भरतो. (अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक कला.) निकोप डोळा साधारण एका कलेएवढा तपशील वेगळा ओळखतो. म्हणून भोक दिसत नाही. वीस पटीच्या दुर्बिणीतून हाच कोन साडेसात कलांच्या पुढे जातो. भोक तर दिसतंच, ते रेषेला शिवलंय की नाही तेही बहुतेक वेळा कळतं. टार्गेटचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे आणि पुढची वर्तुळं आठ-आठ मिलिमीटरच्या अंतराने आहेत. एवढं वाचायला वीस पट भरपूर झाले.

साठ पटीने मिळतं काय आणि जातं काय? दुर्बिणीतून डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट. ५० मिलिमीटरचं भिंग आणि वीस पट, तर झोत अडीच मिलिमीटरचा. भर उन्हात बाहुली साधारण दोन-तीन मिलिमीटरची असते, म्हणजे बेताचं जमलं. ६० मिलिमीटरचं भिंग आणि साठ पट, तर झोत एकच मिलिमीटर. चित्र अंधुक होतं हा एक तोटा. त्याहून मोठा तोटा असा की त्या एका मिलिमीटरच्या झोतात बाहुली बसवायला डोकं अगदी नेमक्या जागी न्यावं लागतं. ते शोधताना गाल उचलला जातो आणि आपण पुन्हा पहिल्या मुद्द्यावर येतो.

शिवाय पट वाढले की दिसणारं क्षेत्र आक्रसतं. वीस पटीत टार्गेटबरोबर लेनचा क्रमांक दिसतो. साठ पटीत नुसता काळा गोल दिसतो आणि तो कुणाचा हे कळायला मार्ग नसतो. शेजारच्या कार्डावरची भोकं आपली समजून साइट फिरवणारी मुलं मी पाहिली आहेत. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत असते, त्या लहरीही पटीबरोबर मोठ्या होतात आणि वर्तुळं पाण्यात बुडाल्यासारखी हलू लागतात.

झूम आयपीस असलं तरी हरकत नाही, फक्त कमीत कमी पट वीस किंवा त्याखाली असावेत. वीस ते साठची झूम घेतलीत तर ती विसावर ठेवून चिकटपट्टी लावा, असं मी मुलांना सांगते, आणि तसं करायला लावतेही. ३०० मीटरच्या रेंजचा विचार वेगळा, तिथे मोठं भिंग लागतं. ५० मीटरला ५० मिलिमीटरचं भिंग पुरतं. ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीचं वजन आणि किंमत दोन्ही अंगावर येतात. सहा-सात किलोची रायफल, जाकीट-ट्राउझरची बॅग, मॅट आणि वर ती दुर्बीण घेऊन एसटीने जाणाऱ्या मुलाचे खांदे स्पर्धेआधीच भरून येतात.

४. चित्र सरळ दिसतं का, हे पैसे देण्याआधी बघा.

एका वडिलांनी मुलासाठी आकाश बघायची दुर्बीण आणली होती. भिंग मोठं, किंमत कमी, मागे डोळा लावायला काटकोनात आरसा. मुलगा हुशार. पाच शॉटांचा ग्रुप घट्ट आला, पण घड्याळात नऊ वाजता, म्हणजे डावीकडे दिसला. त्याने साइट उजवीकडे फिरवली. पुढचे पाच आणखी डावीकडे. पुन्हा फिरवली. गोळ्या काळा गोल सोडून पांढऱ्यात गेल्या तेव्हा त्याने हात वर करून मला बोलावलं. कार्ड आणवून पाहिलं, तर सगळा ग्रुप उजवीकडे होता. मुलाने साइट बरोबरच फिरवली होती, आरशाने त्याला डावं-उजवं उलटं दाखवलं होतं.

पुढच्या भिंगातून येणारं चित्र वर-खाली आणि डावं-उजवं, दोन्हीकडून उलटं असतं. तारे बघताना त्याने बिघडत नाही. एका आरशाने चित्र उभं होतं, पण बाजू उलट्याच राहतात. दोन्ही सरळ करायचं काम लोलक, म्हणजे प्रिझम करतं. इग्नाझिओ पोर्रो या इटालियन तंत्रज्ञाने १८५४ मध्ये अशा लोलकांच्या रचनेचं पेटंट घेतलं. काचेच्या आतल्या पृष्ठांवरून प्रकाश चार वेळा परततो, चित्र सुलटं होतं आणि लांब वाट घडी होऊन आखूड नळीत मावते. नळी छोटी राहते ती यामुळेच. ४५ अंशांच्या दुर्बिणीतल्या लोलकाच्या एका बाजूला घराच्या पाखीसारख्या काटकोनात जुळलेल्या दोन पृष्ठांची धार असते, बाजू सरळ करणं हे त्या धारेचं काम.

तपासायला सोपं आहे. समोरच्या दुकानाची पाटी वाचा. अक्षरं सरळ वाचता आली तर पुढे बोला.

५. दुकानात करायच्या तपासण्या.

जाताना वापरलेलं कार्ड घेऊन जा, काळ्यात आणि पांढऱ्यात दोन्हीकडे भोकं असलेलं. दुकानदाराला विनंती करून रस्त्यापलीकडे साधारण ५० मीटरवर भिंतीला लावा. चांगले दुकानदार नाही म्हणत नाहीत. काळ्या गोलाच्या कडेकडे बघा. कडेला जांभळी-हिरवी झालर दिसली तर काच साधारण आहे. थोडी झालर चालते. ईडी काचेत ती कमी होते, पण ईडीचे पैसे जास्त पडतात आणि ५० मीटरवर वीस पटीत त्यावाचून अडत नाही. त्यापेक्षा चित्र कडेपर्यंत स्वच्छ आहे का ते बघा, कारण घाईत डोळा बरोबर मध्यावर बसत नाही.

मग दुर्बीण खिडकीतून उजळ आकाशाकडे धरा, सूर्याच्या दिशेला चुकूनही नको. डोळा हातभर मागे ठेवून आयपीसमध्ये बघा. एक लहानसा उजळ गोल दिसेल. तो स्वच्छ गोल आणि कडेपर्यंत सारखा उजळ असेल तर आतला लोलक पुरेसा मोठा आणि बहुधा बॅक-४ काचेचा आहे. गोलाच्या कडा करड्या किंवा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर लोलक हलक्या काचेचा किंवा लहान आहे, कडेचा प्रकाश आतच हरवतो. मुलांना हे दाखवलं की त्यांना फार आवडतं, मग ती एकमेकांच्या दुर्बिणी तपासत सुटतात.

आणखी एक तपासणी आहे, ती करणारे मला फार थोडे भेटले. आयपीसमागे ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरा, मागे-पुढे करून तो उजळ गोल रेखीव होईल तिथे थांबा आणि पट्टीने त्याचा व्यास मोजा. डब्यावर ‘वीस पट, ६० मिलिमीटर’ लिहिलं असेल तर गोल तीन मिलिमीटरचा भरला पाहिजे. दोनच भरला तर पुढचं भिंग दिसायला साठचं आहे, पण आत कुठेतरी कडी बसवून त्यातलं चाळीसच वापरलं जातंय, किंवा पट लिहिलेत त्याहून जास्त आहेत. स्वस्त दुर्बिणींत असं आढळतं.

शेवटी हलकेच हलवून कानाशी धरा. खुळखुळ ऐकू आली तर नको. लोलक जागचा हलला की चित्र तिरकं किंवा पुसट होतं, आणि तो नीट बसवून देणारा कारागीर आपल्याकडे शोधावा लागतो.

६. चष्मा लावून बघा.

आयपीसपासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर किमान १५ मिलिमीटर हवं. चष्मेवाल्यांना त्याहून जास्त असलं तर उत्तम. नेमबाजीच्या चष्म्याची फ्रेम आणखी पुढे येते, आणि न वापरायच्या डोळ्यापुढे ब्लाइंडर लावला असेल तर त्याच डोळ्याने दुर्बिणीत बघणार कसं, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. ब्लाइंडर अरुंद घेऊन थोडा वर सरकवला तर खालून दिसतं. हे दुकानात, चष्मा आणि ब्लाइंडर लावूनच ठरवा.

७. काळ्यातलं भोक दुर्बिणीपेक्षा मागच्या पुठ्ठ्यामुळे दिसतं.

.२२ ची शिशाची गोळी कागदाला फाटकं, तिच्या व्यासापेक्षा थोडं लहान भोक पाडते आणि भोवती करडी कडी सोडते. पांढऱ्यात ती ठसठशीत दिसते. काळ्यात मात्र काळ्यावर करडं, आणि मागे मातीचा बांध सावलीत असला तर भोकही काळंच. अशा वेळी महागातली दुर्बीणही हात टेकते. कार्डाच्या मागे, थोडं अंतर सोडून, उजेड पडेल असा पांढरा पुठ्ठा लावला की भोकं चमकून उठतात. दुर्बिणीवर हजारो रुपये वाढवण्याआधी हा पुठ्ठा लावून बघा.

८. फोकस आधी करा, आणि वारा वाचायला शिका.

प्रोनमध्ये डावा हात स्लिंगमध्ये अडकलेला असतो. उजव्या हाताने रायफलवरून पलीकडे जाऊन फोकस फिरवायचा म्हणजे पोझिशन हलवायची. म्हणून पहिल्या शॉटच्या आधी, पूर्ण आडवं पडल्यावर, फोकस करून घ्यावा. चक्र थोडं घट्ट असलेलं चांगलं, जाकिटाच्या बाहीच्या धक्क्याने सरकत नाही. फोकस करताना चक्र जवळच्या टोकाला नेऊन चित्र पूर्ण पुसट करावं आणि अनंताच्या बाजूला जात जिथे पहिल्यांदा स्पष्ट होईल तिथे थांबावं. अनंताच्या बाजूने जवळ येत केला तर तरुण डोळा स्वतःच ताण घेऊन चित्र जुळवतो. कार्डभर तो ताण सोसलेला डोळा फोरसाइटवर परत येताना दमतो, आणि हे मुलांच्या लक्षात येत नाही.

आता वारा. आंतरराष्ट्रीय रेंजवर १० आणि ३० मीटरवर कापडाच्या अरुंद झेंड्या लावतात. .२२ ची मॅच गोळी आवाजाच्या वेगापेक्षा थोडी हळू निघते आणि ५० मीटरला पोचायला सेकंदाचा सहावा-सातवा भाग घेते. एवढ्या वेळात ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा तिला दोन-अडीच सेंटीमीटर बाजूला नेतो, म्हणजे जवळजवळ तीन वर्तुळं. झुळूक त्याच्या निम्म्याने असली तरी दहाचा नऊ होतो. त्यामुळे झेंडी बघितल्याशिवाय ट्रिगरला हात नको.

झेंडी निपचित असतानाही वारा असू शकतो, आणि ते दाखवायचं काम दुर्बीण करते. टार्गेटवर फोकस असताना चक्र किंचित जवळच्या बाजूला फिरवा, वर्तुळं थोडी मऊ होईपर्यंत. उन्हाच्या दिवशी हवेच्या लहरी दिसू लागतात. त्या डावीकडून उजवीकडे वाहताना दिसल्या तर वारा तसा आहे. सरळ वर उकळल्यासारख्या उठल्या तर वारा नाही, किंवा समोरून-मागून आहे, किंवा दिशा बदलायच्या बेतात आहे. हा शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर आमच्याकडे लहरी इतक्या स्पष्ट असतात की शिकवायला तोच मोसम उत्तम. उन्हाने हैराण झालेल्या मुलांना मी तरीही पंधरा मिनिटं नुसत्या लहरी बघायला लावते, रायफल न उचलता. कुणी कुरकुरलं तरी ऐकत नाही, कारण हे पुस्तकातून येत नाही.

९. स्टँडचे पैसे वेगळे ठेवा.

ऑलिंपिकमधून २०१६ नंतर पुरुषांची ५० मीटर प्रोन ही स्वतंत्र स्पर्धा गेली, थ्री पोझिशन राहिली. गुडघ्यावर, आडवं आणि उभं, प्रत्येकी वीस शॉट आणि एकूण वेळ दीड तास. तिन्ही वेळा डोळ्याची उंची वेगळी, आणि बदलायचा वेळ त्याच दीड तासातला. कॅमेऱ्याची तिपाई इथे उपयोगी पडत नाही. तिचे पाय पसरतात, मॅटवर चढतात, शेजारच्या लेनमध्ये घुसतात. जड, बसका पाया, त्यावर एकात एक जोडता येणाऱ्या सळ्या आणि दुर्बीण पुढे आणणारा आडवा हात, असं स्टँड हवं. बाहेरून मागवलं तर महाग पडतं. आमच्या भागात लेथवाले आणि फॅब्रिकेशनवाले गल्लोगल्ली आहेत, नमुना दिला की चांगलं करून देतात. पाया मात्र जड करून घ्या. वाकड्या आयपीसची दुर्बीण आडव्या हातावर बाहेर आली की हलका पाया कलंडतो.

प्रत्येक पोझिशनची उंची ठरली की सळीवर रंगीत टेपची खूण करा, तीन पोझिशनना तीन रंग.

१०. पावसाळा.

कोल्हापूर, कोकण, मुंबई, कुठेही जूनपासून भिंगांवर बुरशी धरते. नायट्रोजन भरून बंद केलेली, जलरोधक दुर्बीण घेतली तर आत सहसा काही होत नाही, म्हणून या एका गोष्टीसाठी मी पैसे जास्त द्यायला सांगते. बाकी काळजी साधी. कापडी पिशवीत गुंडाळून कपाटात कोंडू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावी आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या तापवून कोरड्या कराव्यात. रायफलच्या पेटीत तर ठेवूच नये. तेल आणि बॅरल साफ करायचं द्रावण तिथे असतं, त्याचा तवंग भिंगावर बसला की पुसताना लेप खराब होतो. धूळ आधी फुंकणीने उडवायची, मग मऊ कापड. शर्टाचं टोक नको, कितीही घाई असली तरी.

११. कधी बघायचं नाही, हेही ठरवा.

शॉट सुटला की त्या क्षणी फोरसाइटची रिंग कुठे होती ते मनात धरायचं आणि तोंडाने सांगायचं : ‘नऊ, दोन वाजता.’ याला आम्ही शॉट कॉल करणं म्हणतो. दुर्बिणीत बघायचं ते त्यानंतर, कॉल बरोबर आला का हे तपासायला. कॉल दोन वाजताचा आणि भोकही दोन वाजता, तर साइटला हात लावायचा नाही, चूक हाताची होती. कॉल दहाचा आणि भोक दोन वाजता, तर वारा बदलला किंवा साइट हलली, मग झेंडीकडे आणि लहरींकडे बघायचं. कॉल न करता दुर्बिणीत डोकावणारा मुलगा प्रत्येक भोकामागे साइट फिरवत जातो आणि दहा शॉटांत ग्रुप दुप्पट करून ठेवतो.

माझ्याकडे नवी मुलं वहीत दोन रकाने आखतात. एकात कॉल, दुसऱ्यात दुर्बिणीने दाखवलेलं. सुरुवातीला दोन्ही रकाने एकमेकांशी बोलत नाहीत. काही महिन्यांनी ते जुळायला लागले की मी दर शॉटला बघणं बंद करायला लावते. सायटिंगचे, म्हणजे साइट जुळवायचे शॉट बघा, मग पाच मारा, मग बघा. एकाच कार्डावर भोकं एकमेकांत मिसळली की नववं कुठलं आणि दहावं कुठलं हे तसंही दुर्बीण सांगू शकत नाही, वही सांगते.

याच मुलांना पुढे बालेवाडीला किंवा राष्ट्रीय स्पर्धेला इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर जायचं असतं. तिथे मॉनिटर असल्यामुळे दुर्बीण घरी ठेवून जाण्याचा मोह होतो. मी ती न्यायला लावते. मॉनिटर गोळी लागल्यावर बोलतो, वारा गोळी सुटण्याआधी वाचायचा असतो. स्टँड तसंच लावायचं, आयपीस तसंच डोळ्यापाशी, फोकस फक्त टार्गेटवरून काढून ३० मीटरच्या झेंडीवर आणायचा.